पंच नसलेला खेळ
जपानच्या शाळकरी मुलांच्या कारुता (कविता मोठ्याने वाचली जाताच तिचा पत्ता समोरच्याआधी हाताने टिपायचा, दोघांमधला खेळ) स्पर्धांवरचा तुमचा लेख आवडला, पण 'पाठांतराचा खेळ' म्हणून त्याची बोळवण केलीत ते खटकलं. 100 कविता पाठ असणं ही नुसती सुरुवात. समोर पत्ते 50च, प्रत्येकाकडे 25, आणि कुठला कुठे मांडलाय हे डोक्यात बसवायला 15 मिनिटं. सात कविता तर अशा, की पहिलं अक्षर कानावर पडताच हात सुटला पाहिजे.

मला भारी वाटतं ते वेगळंच. बहुतेक सामन्यांना पंच नसतो! दोघींचे हात एकदम पडले तर पत्ता जिच्या बाजूचा तिचा. पण 'एकदम' पडले का, हे ठरवायचं त्या दोघींनीच. रोज एकाच क्लबात सराव करणाऱ्या मैत्रिणी समोरासमोर आल्या तर? आम्ही मामाकडे मेंढीकोटात एका हातावरून दोन दिवस अबोला धरायचो, आणि तिथे काही पणाला लागलेलं नसायचं. इथे ओत्सू शहरातल्या ओमी मंदिरातली जुलैची देशपातळीवरची शालेय स्पर्धा डोळ्यांपुढे असते. त्यात पाचांचा संघ, तिघं जिंकले की संघ जिंकला. शेजारची हरत असली तरी तिच्याकडे बघायला सवड नाही. यावर सविस्तर लिहा ना!