मॉरिस नृत्याला ‘आदिम’ ठरवण्याची घाई

मॉरिस या इंग्लंडातल्या लोकनृत्याच्या नर्तकांचे व्हिडिओ फिरू लागले की सोबत ठरलेला मजकूर येतो: हा ख्रिस्तपूर्व काळातला, पीक-संतती वाढावी म्हणून केलेला सुफलनविधी आहे, तो फक्त पुरुषांचा आहे, त्यात कसब काहीच नाही, आणि आता दाढीवाल्या म्हाताऱ्यांबरोबर तो संपणार. शेवटच्या विधानात थोडं तथ्य आहे, बाकीच्यांत तेवढंही नाही.

आधी ‘विधी’ घेऊ. इंग्लंडमधली मॉरिसची सर्वांत जुनी ज्ञात नोंद 1448 ची आहे. त्या वर्षी लंडनच्या सोनारांच्या संघाने मॉरिस नर्तकांना सात शिलिंग दिले. पुढच्या शतकात थेम्सकाठच्या किंग्स्टनमधल्या चर्चच्या हिशेबात मॉरिसचे अंगरखे, बूट आणि घुंगरू यांचा खर्च मांडलेला सापडतो. चर्च स्वतः खर्च करत असेल, तर हा चोरून जपलेला जुना धर्म कसा? नोंदींचा क्रम पाहिला तर नाच दरबार आणि श्रीमंत संघांकडून गावांत उतरलेला दिसतो. विधीची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मानववंशशास्त्रातली. लोकगीतं आणि लोकनृत्यं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने ती उचलून धरली आणि त्याच्या दबदब्यामुळे ती रुजली. ॲबट्स ब्रॉम्ली या गावच्या नाचातली रेनडिअरची शिंगं अकराव्या शतकातली आहेत, हा पुरावाही पुढे केला जातो. पण शिंगं जुनी म्हणून नाच तेवढा जुना ठरत नाही, आणि अकराव्या शतकात इंग्लंड ख्रिस्ती होऊन बराच काळ लोटला होता.

‘फक्त पुरुषांचा’ हे तर आणखी अलीकडचं. 1600 मध्ये विल केम्प हा नट लंडनहून नॉर्विचपर्यंत नाचत गेला. सडबरीला एका धडधाकट खाटकाने अर्ध्या मैलात हात टेकले, आणि एक गावरान मुलगी केम्पबरोबर मैलभर नाचली. शार्पने हा नाच पहिल्यांदा पाहिला तो 1899 च्या नाताळात, ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वॉरी गावात. पण 1905 पासून तो शिकून सगळीकडे नेला तो समाजसेविका मेरी नीलच्या लंडनमधल्या क्लबातल्या कामकरी मुलींनी. पुरुषांपुरती मर्यादित राहिलेली ‘मॉरिस रिंग’ ही संघटना 1934 ची आहे, आणि 2018 मध्ये तिनेही दार उघडलं.

‘कसब नाही’ म्हणणाऱ्याने कॉट्सवोल्ड भागातल्या पद्धतीचा एक नाच नीट पाहावा. सहा जण, तीन-तीनच्या दोन रांगा, नडगीवर घुंगरांचे पट्टे. मूळ पाऊल साधं: तीन पावलं आणि चौथ्या मात्रेला त्याच पायावर उडी. उतरायचं चवड्यावर, टाच आधी टेकली की घुंगरांचा आवाज विस्कटतो. रुमालाचा कोपरा बोटात पक्का धरायचा आणि झटका मनगटातून द्यायचा. नवशिक्यांचा हात उडीच्या आधीच वर पोचतो, मग शरीर वर जाताना रुमाल खाली लोंबतो. बॅम्प्टन, ॲडरबरी, ब्लेडिंग्टन अशा गावागावांच्या पद्धतींत हातांच्या हालचाली वेगळ्या. एकाने दुसऱ्या गावचा हात केला तर रांग लगेच उघडी पडते. संथ उड्यांत वादकाला चाल ताणून, नर्तक जमिनीवर येईल तेव्हाच ठोका द्यावा लागतो, म्हणून ध्वनिमुद्रित संगीतावर हा भाग जमत नाही. कथ्थकच्या संगतकाराला हे सांगावं लागणार नाही. काठ्यांच्या नाचात फार जवळ उभं राहिलं की घाव मुठीजवळ बसतो आणि बोटं सोलतात.

ईशान्य इंग्लंडमधल्या कोळसाखाणींच्या गावांतला ‘रॅपर’ हा नाच आणखी अवघड. पाच जण, दोन मुठींच्या लवचीक पोलादी पट्ट्या, आणि साखळी न सोडता त्यांची पंचकोनी चांदणी गुंफायची. एकाने मूठ सोडली की सगळं अडकतं.

उरलं ‘संपणार’. तरुण येत नाहीत, ही चिंता 2009 मध्ये मॉरिस रिंगनेच बोलून दाखवली होती, आणि अनेक संघ वयस्कर आहेत हे खरं. पण स्ट्राउडचा ‘बॉस मॉरिस’ हा मुलींचा संघ 2023 च्या ब्रिट या संगीत पुरस्कारांच्या मंचावर वेट लेग या बँडसोबत नाचला. वेल्सच्या सीमेलगतच्या ‘बॉर्डर’ पद्धतीतल्या काही संघांच्या काळ्या रंगवलेल्या चेहऱ्यांवरचा, ही कृष्णवर्णीयांची नक्कल वाटते हा आक्षेप रास्त होता. 2020 मध्ये मॉरिसच्या तिन्ही मोठ्या संघटनांनी मिळून ती प्रथा थांबवायचं ठरवलं, आता निळे-हिरवे चेहरे दिसतात. आणि लँकेशायर-चेशायरच्या क्रीडागृहांत हातात झिरमिळ्यांचे गोंडे घेऊन स्पर्धा करणाऱ्या मुली? त्याही आपल्या नाचाला मॉरिसच म्हणतात. त्या मजकुरात त्यांचा पत्ताच नसतो.