मे हाँग सोनमध्ये वाजवलेला हॉर्न

आज सकाळी नात्यातल्या एका मुलाने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील टाकली आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. उत्तर थायलंडच्या डोंगरातले मे हाँग सोन हे छोटे गाव, त्यातल्या तळ्याकाठचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर आपल्याकडची आठ-दहा तरुण मुले भाड्याच्या मोपेडवरून घोषणेच्या ठेक्यावर हॉर्न वाजवत गोल गोल फिरत आहेत. एकाच्या पायाशी स्पीकर आहे. मागे देवळाच्या पायरीवर बसलेली एक म्हातारी मान वळवून त्यांच्याकडे पाहते आहे. खाली लिहिले आहे, "गाव मस्त, पण करायला काही नाही. एक दिवस पुरे." आणि त्याखाली बदामांची रांग.

त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. ती नजर मला ओळखता आली, कारण तशाच नजरेने एका गृहस्थांनी मला पाहिले होते, तेही त्याच गावी.

२०२४ च्या नोव्हेंबरअखेर आम्ही चार मैत्रिणी दोन मोपेड घेऊन मे हाँग सोनला पाच दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भातखाचरांमधल्या एका अरुंद रस्त्याने गावाकडे परतत होतो. पुढे आंधळे वळण आले आणि माझ्या अंगठ्याने आपोआप दोनदा हॉर्न वाजवला. पुण्यात तीस वर्षे गाडी चालवून ती सवय हाडात मुरलेली आहे. पुढे सत्तरीचे एक गृहस्थ जुन्या गाडीवरून संथ चालले होते, पुढच्या जाळीत मोहरीच्या पाल्याची जुडी होती. त्यांनी लगेच गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि ते चालत आमच्याकडे आले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. पण त्यांनी खाली वाकून आधी माझे पुढचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले, मग मागचे, आणि नंतर आम्हा चौघींच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिले, जणू आमच्यापैकी कोणाला लागले आहे ते शोधत होते. त्यांच्या लेखी हॉर्नचा अर्थ एवढाच होता, की मागे कोणीतरी अडचणीत आहे.

आता "करायला काही नाही" याविषयी. ज्या गावात सकाळी सहाला अनवाणी भिक्खू भिक्षेला निघतात, बाजारात तिथल्या शान समाजातल्या बायका उन्हात वाळवलेल्या, पापडासारख्या पातळ सोयाबीनच्या चकत्या विकतात (त्यांना 'थुआ नाओ' म्हणतात, आणि त्यांचा वास मला आधी उग्र वाटला, मग त्याच वासाने भूक लागू लागली), जिथे डोई काँग मूच्या टेकडीवर १८६० आणि १८७४ साली बांधलेले दोन शुभ्र स्तूप आहेत आणि तिथून खाली पाहिले की तळे, देवळांची एकावर एक चढलेली छपरे आणि घरांना खेटून असलेली विमानाची धावपट्टी एका नजरेत मावते, त्या गावात करायला काही नाही? मग तुम्हाला करायचे तरी काय असते? चियांग माई शहराहून तिथे जाणाऱ्या डोंगररस्त्याला १,८६४ वळणे आहेत असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. एवढी वळणे पोटात घेऊन तुम्ही पोहोचता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठून चालू लागता, याचा मला खरोखर संताप येतो.

थोडी शांत होऊन लिहिते. गाव शांत आहे म्हणून तिथे आवाज नाहीत असे नाही. पहाटेपासून कोंबडे आरवतात, कुत्री भुंकतात, आसपासच्या खेड्यांत मुखिया खांबावरच्या कर्ण्यातून सूचना वाचतो, दिवसातून थोडीच का होईना विमाने उतरतात. पण त्यातला प्रत्येक आवाज कोणाला तरी काहीतरी सांगण्यासाठी असतो. त्या गृहस्थांनी माझा हॉर्नही तसाच ऐकला. मला मात्र काहीच सांगायचे नव्हते. हे लिहिताना आजही कानकोंडे व्हायला होते.

मान्य आहे, वरंधा किंवा ताम्हिणीच्या वळणावर हॉर्न वाजवलाच पाहिजे. न वाजवणे तिथे बेजबाबदारपणा ठरेल. पण तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर, संध्याकाळी, देवळासमोर?

ते देऊळही त्या मुलांनी आत जाऊन पाहिले असेल असे मला वाटत नाही. तळ्याकाठी चाँग खाम आणि चाँग क्लांग ही दोन देवळे जोडीने उभी आहेत, ब्रह्मी-शान घडणीची, छपरांच्या कडांना पत्र्याची नाजूक जाळी लावलेली. चाँग क्लांगमध्ये वेस्संतर जातकातल्या, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेतल्या, पात्रांच्या जुन्या लाकडी मूर्ती आहेत. हत्ती, राज्य, शेवटी मुलेबाळेसुद्धा दान करून टाकणाऱ्या त्या राजपुत्राची ही कथा आपल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या भिंतीवर रंगवलेली आहे. आमच्यातली एक जण शाळेत इतिहास शिकवते. ती त्या मूर्तींसमोर अर्धा तास उभी होती आणि बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "अगं, हे तर आपल्या घरचेच निघाले." अशा अर्ध्या तासासाठी त्या गावी जायचे असते, आणि असा अर्धा तास मिळायला हाताशी पाच दिवस लागतात.

मोपेडचे मोल तिथेच कळते. आमच्या दोन्ही गाड्या १२५ सीसीच्या होत्या, भाडे दिवसाला अडीचशे बाट. गाडीच्या काचेआडून जे निसटले असते ते तिथे अंगाला लागते: सावलीत शिरताच झोंबणारा गारवा, कापणीनंतरच्या पेंढ्याचा वास, खेड्यातल्या दुकानासमोर बाटल्यांत भरून ठेवलेले पेट्रोल. गावाच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर भातखाचरांवरून गेलेला सू ताँग पे नावाचा बांबूचा पूल आहे, सुमारे ५०० मीटर लांबीचा, भिक्खू आणि गावकऱ्यांनी मिळून बांधलेला. गाड्या अलीकडे लावून आम्ही त्यावरून चालत गेलो. पावलागणिक बांबूची चटई दबते आणि कुरकुरते, समोरून भिक्खू आले की आपण कडेला उभे राहायचे. त्या पुलावरून परतताना मी तो हॉर्न वाजवला होता, हे मला जास्त लागते. इतके चालून, इतके पाहून, लगेच दहा मिनिटांत.

एक गोष्ट रागानेच सांगते. "परवाना लागत नाही, पकडले तर दंड भरून सुटायचे" असे सांगणारे व्हिडिओ तुम्ही पुढे पाठवता, ते कृपा करून थांबवा. आपल्या आरटीओत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो, त्यात दुचाकीची नोंद आहे ना ते पाहून घ्या, आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घाला. थायलंडमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांत दुचाकीस्वारांचाच भरणा असतो. परवाना नसेल तर प्रवासविमा ऐनवेळी हात वर करील आणि परक्या देशातल्या इस्पितळाचे बिल आईबापांना भरावे लागेल.

आणि हो, पर्यटक आले नाहीत तर तिथल्या खानावळी आणि गाड्या भाड्याने देणारे काय खाणार, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसाची अट उठली, तेव्हापासून आपली वर्दळ वाढली आणि त्यातून तिथल्या लोकांच्या हाती चार पैसे येत असतील, तर मला आनंदच आहे. पण म्हणून सगळेच पाहायचे नसते. म्यानमारमधून जीव मुठीत धरून आलेल्या कयान लोकांच्या वस्त्या तिथे जवळच आहेत, आणि बायकांच्या गळ्यातली पितळी कडी पाहायला लोक गाड्या भरून जातात. आम्ही गेलो नाही. त्या बायकांची मिळकत त्यावरच चालते, हाही मुद्दा आमच्यात निघाला, खूप वाद झाला आणि तो मिटला नाही. माझा पाय मात्र तिकडे वळला नाही.

आता राग ओसरला आहे. रीलमधली मुले आपल्याच घरांतली आहेत, वाईट नाहीत. वळणावर मीही हॉर्न वाजवला होता, आणि माझे वय त्यांच्या दुप्पट आहे. आमच्या सोसायटीतली चार मुले येत्या डिसेंबरात तिकडे निघाली आहेत. बाळांनो, हे तुमच्यासाठीच लिहिते आहे. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे जाऊ नका असे मी सांगितले होते, कारण तेव्हा शेतांच्या आणि जंगलांच्या आगींनी दरी धुराने भरते, ते तुम्ही ऐकलेत. तसे हेही ऐका. किमान चार रात्री राहा. स्पीकर घरी ठेवा.

त्या गृहस्थांचे राहिलेले सांगते. आम्हाला भाषा येत नव्हती. मी हॉर्नच्या बटणाकडे बोट दाखवले, मान हलवली, हात जोडले. त्यांना समजले. त्यांनी हसून माझ्या हेल्मेटचा सुटलेला पट्टा लावायची खूण केली आणि मी तो लावेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

पाचव्या दिवशी आम्ही व्हॅनने चियांग माईकडे निघालो. घाटात एका वळणावर झाडाखाली छोटेसे देवस्थान होते, झेंडूच्या माळा घातलेले. चालकाने वेग कमी केला आणि हलकेच एकदा हॉर्न वाजवला. मैत्रीण दचकून पुढे पाहू लागली; रस्ता मोकळा होता. मग त्याने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावला, तेव्हा आम्हाला उलगडले की रस्ता राखणाऱ्या देवाला त्याने तो नमस्कार केला होता. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबापाशी आपले ट्रकवाले नाणे टाकतात, तसाच. त्या पाच दिवसांत दुसऱ्या कोणी वाजवलेला तेवढा एकच हॉर्न आम्ही ऐकला.