शिक्का मारलात का?

युरोप शिस्तीचा, असं तिकडून परतलेला प्रत्येक पाहुणा सांगतो. कोणत्या शिस्तीचा, ते सांगत नाही. रेल्वेने दोन-तीन तास गेलं की देश बदलतो आणि आदल्या देशात कष्टाने कमावलेलं शहाणपण बाद होतं.

इटली घ्या. तिथल्या साध्या, म्हणजे 'रेजोनाले' गाडीचं छापील तिकीट काढलंत, तर तुम्ही फक्त कागद विकत घेतलात. ते अमुक एका गाडीचं नसतं. तपासनीस आला नाही, तर तेच त्याच दिवशी पुन्हाही चालवता आलं असतं. म्हणून गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्राच्या खाचेत ते घालायचं, डावीकडे सरकवायचं आणि करकर आवाज झाला की शाई खरंच उमटली का ते बघायचं. तिथून पुढे चार तास ते जिवंत. यंत्र बंद असेल (असतं!), तर तारीख, वेळ आणि स्टेशन पेनाने तिकिटावर लिहून, चढल्या चढल्या आपणच तपासनिसाला शोधत निघायचं. लोकलमध्ये वाढलेल्या मुंबईकराचे पाय त्या दिशेला वळतच नाहीत, पण दंडापेक्षा ते बरं. वेगवान 'फ्रेच्चारोसा'ला शिक्का लागत नाही, कारण गाडी आणि सीट तिकिटावरच छापलेली असते. साधं तिकीट फोनवर घेतलं असेल तर शिक्क्याऐवजी 'चेक-इन' करायचं. तेही चढण्याआधी.

जर्मनीत शिक्क्याची कटकट लांबच्या गाड्यांना नाही, पण तिकीट आहे म्हणजे जागा आहे असं नव्हे. आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे. आरएसी आणि वेटिंग पचवलेल्या आपल्याला हे जड जाऊ नये. तरी जातं, कारण 'जरा सरका' म्हणून चौथी सीट मिळवण्याची सोय तिथे नाही. आपला डबा कुठे लागणार हे फलाटावरच्या ए, बी, सी अशा अक्षरांवरून कळतं. आपण सी खाली बॅगा लावून निवांत उभे, आणि गाडी दिसायला लागल्यावर घोषणा होते की आज डबे उलट्या क्रमाने आहेत. मग अर्धा फलाट इकडून तिकडे आणि अर्धा तिकडून इकडे, चाकांच्या बॅगा ओढत पळतो. कुणी ओरडत मात्र नाही. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबणारी हीच माणसं.

आता नाजूक विषय. जर्मन हायवेवर शौचालयाला बहुतेक ठिकाणी एक युरो पडतो. बदल्यात जे कूपन मिळतं ते फेकू नका, तिथल्याच दुकानात खरेदीला चालतं. पॅरिसच्या फुटपाथवरच्या स्वयंचलित खोल्या फुकट आहेत, पण आधीचा माणूस बाहेर पडला की दार पूर्ण लागू द्या. प्रत्येक वापरानंतर खोली स्वतःला धुते. कुणी सभ्यपणे दार धरलं म्हणून आत शिरलात, तर तुमचीही आंघोळ होऊ शकते. धुवायला पाण्याची सोय दोन्हीकडे नाही, बाटली सोबत ठेवा. त्या बाबतीत मी इटलीला सगळे शिक्के माफ करतो: घरातल्या एका तरी न्हाणीघरात बिडे (शौचानंतर पाण्याने धुवायचं नळाचं बसकं भांडं) असायलाच हवा, असा तिथे 1975 पासून सरकारी नियम आहे.

फ्रान्समध्ये दुकानात शिरून थेट 'हे केवढ्याला?' विचारलंत की दुकानदार बहिरा होतो. आधी 'बॉन्जूर'. मग थांबायचं. पलीकडून बॉन्जूर आलं की प्रश्न. बस ड्रायव्हरलाही तेच, बेकरीतल्या मावशींनाही तेच, आणि मागे रांग असली तरी तेच. अंधार पडायला लागला की 'बॉन्स्वार'. हॉटेलात पाणी मागताना 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं 'वॉटर' म्हणालात तर बाटली येते आणि ती बिलात दिसते.

बिल मात्र आपसूक दिसणार नाही. जेवण आटोपल्यावर न मागता बिल आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला हाकलणं, अशी तिथली समजूत. उडप्याकडे शेवटचा घास तोंडात असतानाच बिल टेबलावर आपटलं जातं, त्यामुळे आपण इथे अर्धा तास शहाण्यासारखे बसून राहतो आणि वेटर तितक्याच अदबीने आपल्याकडे बघत नाही. नजर मिळाली की हात किंचित वर करा आणि बिल मागा. बडीशेप येत नाही.