वर्गातला कंटाळा कसा घालवाल?

कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, रुजू झालात? अभिनंदन! मानधन दिवाळीपर्यंत येईल; कुठल्या, ते विचारू नका. तोवर मुलांचा कंटाळा घालवायचं काम तुमच्याकडे.

सुरुवात हजेरीनं करा. एफवायबीएच्या तुकडीत १२० नावं, नावामागे सहा सेकंद. ४८ मिनिटांच्या तासातली १२ मिनिटं तिथेच सत्कारणी लागतात. शिवाय मुलं एरवी कधी नसतात इतकी सावध असतात. मागच्या बाकावरचा एकच पोरगा चार आवाजांत 'येस सर' म्हणतो. ही कला अभ्यासक्रमात नाही, तरी तो स्वयंप्रेरणेनं शिकलाय. आणि प्रेरणा कमी पडलीच, तर ७५ टक्के हजेरीच्या अटीची आठवण करून द्या. 'अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत' हे वाक्य हळू आवाजात म्हटलं की जास्त लागू पडतं.

आता शिकवणं. जुने सर पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स द्यायचे, 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद' यांसकट. आपण आधुनिक. तीच वही पीपीटीत उतरवा आणि मुलांकडे पाठ करून स्लाइड वाचून दाखवा. अक्षरं गरगर फिरत आली की त्याला नवोपक्रम म्हणतात.

२०२०च्या शैक्षणिक धोरणात घोकंपट्टीऐवजी चिकित्सक विचारावर भर आहे. उत्तम. चिकित्सक विचाराची आठ वैशिष्ट्यं लिहून द्या, दहा मार्कांना येतील.

कधीतरी एखादी मुलगी हात वर करून विचारेल, "सर, पण हे असंच का?" घाबरू नका. "परीक्षेला येणार नाही ते," म्हणा. हात खाली जातो. सहसा पुन्हा वर येत नाही.

नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं, विसरू नका. तिच्या निकषांत अध्ययन-अध्यापन आलं, विद्यार्थी समाधान सर्वेक्षणही आलं. ते मुलांना ऑनलाइन भरायचं असतं, म्हणून आदल्या दिवशी वर्गात 'मार्गदर्शन' ठेवा. गटचर्चेसाठी चार बाकं गोलाकार मांडा, जिओ-टॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो काढा, बाकं जागेवर लावा. मुलांनी तोंड उघडायची गरज नाही. फोटोत आवाज येत नाही.

एका धोक्यापासून मात्र सांभाळा. परवा माझ्या तासाला लाइट गेली. प्रोजेक्टर बंद, पंखा बंद. नाइलाजानं टेबलाच्या कडेला टेकलो आणि गावच्या सोसायटीचं कर्ज फेडताना वडिलांनी काय काय विकलं ते सांगत बसलो. विषय ग्रामीण पतपुरवठ्याचाच होता म्हणा. तो चार आवाजांचा पोरगा पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलला, "सर, आमच्याकडंबी असंच झालं." मग वाद पेटला. घंटा झाली तरी कुणी उठेना. त्या दिवशी हजेरी राहिली, स्लाइड राहिल्या, सात नंबरचा मुद्दा राहिला तो राहिलाच.

इन्व्हर्टरसाठी अर्ज केलाय. तुम्हीही करून ठेवा.