कल्याणीनगरचा राग आणि कॅटफर्डची तीन पोरं

पुण्याच्या पोर्शे अपघाताचा विषय निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजही सूर एकच लागतो: अठराच्या आतल्यांचे लाड बंद करा. मे 2024 मध्ये दोन तरुण जीव गेले आणि सतरा वर्षांच्या मुलाला 300 शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला, तेव्हा इथे इंग्लंडमध्ये बसून माझंही डोकं फिरलं होतं. पण त्या प्रकरणात आरोप झाले ते रक्ताचे नमुने बदलल्याचे, पैशाच्या जोराचे. हक्क कमी केले तर भरडला जाईल तो दुसराच पोरगा, ज्यानं काही केलेलं नाही आणि ज्याच्या बापाला एकही वकील ठाऊक नाही.

इथे मी पोलीस ठाण्यात स्वयंसेवक म्हणून जाते. अठराच्या आतल्या संशयिताच्या चौकशीत पोलीस नसलेलं एखादं मोठं माणूस शेजारी बसावंच लागतं. आईवडील नसले तर आमच्यासारखं कुणी. मी आधी सांगते, "काय झालं ते मला नको, वकिलाला सांग." वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं; माझ्याशी झालेलं मला उद्या कोर्टात विचारता येतं. वकील फुकट मिळतो, तरी पोरं म्हणतात, "मी काही केलंच नाही, मग वकील कशाला?" खरं तर त्यांनाच तो सगळ्यात जास्त लागतो.

ही काही इंग्रजांची उपजत माणुसकी नव्हे. 1972 साली लंडनच्या कॅटफर्डमध्ये खून झाला. 14, 15 आणि 18 वर्षांच्या तिघांकडून पोलिसांनी कबुल्या घेतल्या, तेव्हा शेजारी घरचं कुणी नव्हतं. थोरल्याची समज लहान मुलाइतकी. तिघांनाही दोषी ठरवलं गेलं, 1975 मध्ये अपिलात ते निकाल रद्द झाले. मग चौकशी, आयोग आणि शेवटी पोलीस चौकशीला नियम घालून देणारा 1984 चा कायदा. तो असूनही 2020 मध्ये हॅकनीतल्या शाळेत गांजाच्या संशयावरून 15 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीची कपडे उतरवून झडती झाली, सोबत असं कुणीही नसताना. सापडलं काहीच नाही.

कागदावर आपला कायदा काही बाबतींत जास्तच कडक आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे सहसा पुरावा ठरत नाही, इथे ठरते. 2015 चा बालन्याय कायदा सांगतो, मुलाला पोलीस कोठडीत ठेवायचं नाही, 24 तासांत बालन्याय मंडळापुढे न्यायचं. पण वस्तीत मोबाईल चोरीला गेला की पोराला नुसतं 'चौकशीला' नेतात. अटक दाखवलीच नाही, तर 24 तास मोजायचे कुठून? आई बाहेर बाकड्यावर, आत काय चाललंय तिला कोण सांगणार?

फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आपल्याकडे आहेत. पोर ठाण्याच्या दारातून आत आलं की तिथल्या तिथे वेळ नोंदवा आणि त्यांना फोन लावा, मग अटक दाखवा अगर दाखवू नका. एवढं झालं की पोराला कायद्यानं मोठं कधी धरायचं, सोळा की अठरा, हा वाद ग्रुपवर खुशाल घाला, मीही येते.