"महिन्याला सात दिवस गोळ्या बंद, लिव्हर साफ" हा मेसेज पुढं पाठवू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, सगळीकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरालाय. त्यात थोडक्यात असं आहे की प्रत्येक इंग्लिश गोळी लिव्हरमध्ये साठून बसते, म्हणून दर महिन्याला सात दिवस सगळ्या गोळ्या बंद करा आणि गुळवेल, हळद, मिरीचा काढा घेऊन लिव्हर धुवून काढा, काढा नैसर्गिक असल्यानं त्याचा काही त्रास नाही, आणि लघवीचा रंग बदलला तर समजा लिव्हर सडायला लागलंय. औषध लिव्हरच्या पेशीत कसं शिरतं आणि कसं बाहेर पडतं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळं हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं, साठून बसते हे. लिव्हरच्या पेशीला रक्ताच्या बाजूला आत घेणारी प्रोटीन्स असतात, त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या ओएटीपी१बी१ नावाच्या अशाच एकातनं आत जातात. आत एन्झाइम बऱ्याच औषधांचं रूप बदलतात, मग दुसऱ्या बाजूचे ट्रान्सपोर्टर ते पित्तात ढकलतात, नाहीतर परत रक्तात येऊन ते लघवीवाटे जातं. लॅबमध्ये आम्ही या पेशी कोलॅजनच्या दोन थरांमध्ये वाढवतो, चार-पाच दिवसात त्या आपापल्या मधे बारीक पित्तनलिका तयार करतात, आणि एक विशिष्ट रंगद्रव्य घातलं की काही मिनिटात पेशींच्या मधोमध हिरव्या रेघा चमकायला लागतात, म्हणजे आत गेलेलं पेशीनं स्वतः बाहेर काढलं, कुठला काढा न घालता! हृदयाचे ठोके बिघडल्यावर देतात त्या अमिओडॅरोनसारखी मोजकी औषधं खरंच लांब टिकतात, पण ती कित्येक आठवडे टिकतात, सात दिवस बंद ठेवून ती जाणार नाहीत, आणि डॉक्टर ती लिव्हरच्या तपासण्या करतच देतात.

दुसरं, सात दिवस बंद. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. फिटची गोळी अचानक सोडली तर फिट येऊ शकते, बीपीची सोडली तर बीपी चढतं, आणि टीबीचा कोर्स मधेच तोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, त्यात दर महिन्याला आठवडा सुट्टी घेतली तर काय उरलं बघा.

तिसरं, नैसर्गिक म्हणजे बिनधोक. मिरीबद्दल आपल्याच राज्यातलं काम आहे, १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या लोकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर (हळदीतला पिवळा घटक) फक्त २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिन पोचण्याचं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढतं. पिपेरिन म्हणजे मिरीतला तिखट घटक, तो आतड्यातल्या आणि लिव्हरमधल्या एन्झाइमना अडवतो म्हणून हे होतं. आता हेच एन्झाइम तुमच्या गोळ्यांवरही काम करतात की! फिटच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी पिपेरिननं वाढते हे माणसांवर तपासलेलं आहे. आमटीतल्या मिरीबद्दल, सांगलीच्या हळदीबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी बोलतोय ते रोज ग्लासभर काढा आणि अर्काच्या कॅप्सूलबद्दल. गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले सहा पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयानं त्यावर वनस्पती नीट ओळखली नाही असा आक्षेप घेतला, पण पुढच्या वर्षी देशातल्या बऱ्याच दवाखान्यांतनं मिळून असे ४३ पेशंट समोर आले. ज्या वस्तूनं लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत तीच लिव्हर धुवायला द्यायची?

लघवीचं सांगतो. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन स्वतःच लालसर केशरी रंगाचं आहे, त्यामुळं लघवी, घाम, कधी डोळ्यातलं पाणीसुद्धा केशरी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मावशी-काकूंना हे कोर्स सुरू करतानाच सांगून ठेवा. पण डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी झाली, उलट्या होतायत, जेवण जात नाही, असं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, काढ्यात एक दिवससुद्धा घालवायचा नाही.

आणि मेसेजमध्ये बिडीचं नावसुद्धा नाही, निपाणीकडच्या माणसांना खरं तर ते सांगायला पाहिजे होतं. बिडी-सिगारेटच्या धुरानं लिव्हरमधलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढतं (निकोटिननं नव्हे, धुरातल्या दुसऱ्या रसायनांनी) आणि दम्याची थिओफिलिन गोळी त्यानं लवकर संपते, म्हणून बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. मग एखाद्या मामांनी बिडी सोडली, फार चांगलं केलं, तर आठवडाभरात एन्झाइम खाली येतं आणि तोच जुना डोस जास्त होऊन छातीत धडधड, मळमळ, हात थरथरणं सुरू होऊ शकतं. तेव्हा थिओफिलिन चालू असेल तर बिडी सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, ते डोस बघून कमी करतील.