नॉर्वेत मुलांच्या स्पर्धाच नसतात?

‘नॉर्वेत १३ वर्षांखालील मुलांना स्पर्धाच नाही, म्हणून तो देश हिवाळी ऑलिंपिक जिंकतो’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. हे अर्धसत्य आहे.

स्पर्धा असतात, अगदी सहा वर्षांपासून, पण आपापल्या परिसरातल्या. निकालाच्या याद्या आणि क्रमवारी अकराव्या वर्षापासून चालते, राष्ट्रीय अजिंक्यपद तेराव्यापासून. नियम चांगलाच आहे (आपल्याकडच्या पालकांनी तर जरूर वाचावा), पण तो सगळ्याच खेळांना लागू आहे. मग २०२४च्या पॅरिसच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेला फक्त ८ पदकं कशी?

२०२२ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मात्र सुमारे ५४ लाख लोकवस्तीच्या या देशाने १६ सुवर्णांसह ३७ पदकं मिळवली. क्रॉस-कंट्री स्कीइंग (बर्फावरून स्कीवर लांब पल्ल्याची शर्यत) आणि बायॅथलॉन (स्कीइंग आणि रायफल नेमबाजी एकत्र) हे त्यांचे घरचे खेळ, आणि त्यांत एकच खेळाडू अनेक शर्यतींत उतरतो. बायॅथलॉनपटू योहानेस बो एकटाच ४ सुवर्णं घेऊन गेला. गावोगावी दिवे लावलेल्या स्कीच्या वाटा, सरकारी लॉटरीतून खेळांना मिळणारा पैसा, हेही त्यामागे आहे.

नुसत्या बर्फाचं श्रेय देणाऱ्यांनी नेदरलँड्स पाहावं: डोंगर नाहीत, तरी बर्फाच्या बंदिस्त रिंकवरच्या स्पीड स्केटिंगमध्ये दादा.